काचवाल्यांचे कुली

माझे वडील कुणाच्याही घरी गेले की आधी खिडकीकडे बघायचे, मग माणसांकडे. घरचे लोक "या, बसा" म्हणत असायचे आणि हे आपले तावदानाच्या कोपऱ्यावरून नख फिरवत उभे. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "अहो, पाहुणे म्हणून आलोय आपण, माप घ्यायला नाही," ती दबक्या आवाजात म्हणायची. "पुट्टी सुटलीय यांची," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे. "वारा सुटला की खडखडत असेल. झोपतात कसे हे लोक?"

एक्केचाळीस वर्षं त्यांनी काच कापली. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्यांचं निमुळतं दुकान होतं. एका भिंतीला काचांचे तक्ते उभे टेकवलेले, मधोमध घोंगडी अंथरलेलं लांब टेबल, आणि टेबलाच्या कडेला रॉकेलची वाटी. त्या वाटीत काच कापायची, हिऱ्याच्या टोकाची हिरकणी बुडवायची, पट्टी लावायची, एका दमात रेघ ओढायची आणि काच टेबलाच्या कडेवर आणून टक्कन मोडायची. रेघ एकदाच. दुसऱ्यांदा त्याच रेघेवरून गेलात तर काच मनाला येईल तिकडे फुटते. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. सगळे त्यांना काचवाले म्हणायचे. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव न वाचता "काचवाले, पत्र" म्हणून हाक मारायचा.

बासष्टाव्या वर्षी त्यांचे हात थरथरू लागले. आधी बारीक. शर्टाचं बटण लावताना, किल्ली कुलपात घालताना. बाबांनी कुणाला सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. मग एक दिवस सलूनवाल्याचा सहा फुटी आरसा कापायचा होता. रेघ मध्येच भरकटली आणि आरसा आडवा फुटला. बाबांनी दुसरा तक्ता घेतला. तोही गेला. सलूनवाला बिचारा म्हणाला, "असू द्या हो, होतं असं." बाबांनी हिरकणी पुसली, खोक्यात ठेवली आणि शटर ओढलं. तीन महिन्यांत दुकान दुसऱ्याच्या ताब्यात गेलं.

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की जिवाला काही धोका नाही, पण हे पूर्ण जाणारही नाही. हात टेकलेला असला की शांत असतो, काही करायला उचलला की थरथरतो. गोळ्यांनी थोडा उतार पडला. थोडाच.

नंतरचं वर्ष आमच्या घरात फार जड गेलं. बाबा पुढच्या खोलीत खुर्चीत बसून असायचे. पेपर हलतो म्हणून पेपर बंद केला. कप बशीवर वाजतो म्हणून परक्या माणसासमोर चहा बंद केला. कुणी आलं की म्हणायचे, "आत्ताच झाला." आई त्यांच्या कपात अर्धाच चहा ओतायची आणि आपल्याही. मी माझं मोडलेलं लग्न घेऊन सहा वर्षांपूर्वीच माहेरी परतले होते, तेव्हा बाबांनी मला एक शब्द विचारला नव्हता. फक्त माझ्या खोलीच्या खिडकीला नवी काच बसवून दिली होती. आता त्यांच्यासाठी काय करावं ते मला कळत नव्हतं.

मी दातांच्या दवाखान्यात काम करते. कागदावर माझ्या कामाला बरंच मोठं नाव आहे, पण खरं सांगायचं तर मी नंबर पुकारते. आमच्या बसायच्या खोलीत तीन फुटांची एक मत्स्यटाकी होती. अठरा वर्षांपूर्वी बाबांनीच बनवून दिलेली. तिच्यात पूर्वी दोन मोठे मासे होते. एकाने दुसऱ्याला खाल्लं आणि मग तोही कंटाळून मेला असावा. तेव्हापासून टाकी कोरडी पडली होती आणि पेशंट तिच्यात जुनी मासिकं ठेवायचे. एक दिवस आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही अडगळ भंगारात देऊन टाकू या का?"

मी म्हटलं, "मी घरी नेते."

"काय करणार?"

"बघू," मी म्हटलं. मला तरी कुठे ठाऊक होतं?

टेम्पोतून टाकी घरी आली. आईने कपाळाला हात लावला. "घरात एक बसून आहे, त्यात ही भर." बाबांनी मात्र खुर्ची सोडली. टाकीभोवती एक फेरी मारली, खाली वाकले, तळाच्या जोडावरून बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा एकदम तापला.

"हे कुणी थापलंय?"

"काय?"

"हे! गळायला लागली म्हणून जुन्यावरच नवं सिलिकॉन फासलंय कुणीतरी. भिंतीला पोतेरं फिरवावं तसं. जुनं काढल्याशिवाय नवं धरतं का कधी?" वर्षभरात एका दमात बोललेलं हे त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आले तर बाबा हातात ब्लेड घेऊन टाकीपुढे बसलेले. ब्लेड काचेवर टिकटिक वाजत होतं. बोटाला चिंधी बांधलेली, चिंधीवर रक्त. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, म्हणजे तूच काहीतरी बोल. मी पर्स ठेवली, खाली बसले आणि त्यांच्यापुढे हात केला.

"सांगा कसं करायचं ते."

त्यांनी बोटाची चिंधी आवळली. मग त्यांनी ब्लेड माझ्या हातात दिलं.

"आडवं धर. अजून आडवं. काच खरवडायची नाहीये, तिच्यावरून साय काढायचीय."

चार संध्याकाळी मी साय काढली. बाबांना शिकवायची सवय नव्हती, मला ऐकायची. "तिकडे नको", "इकडे ये", "अगं, डोळे आहेत ना?" "मग तुम्हीच करा!" असंही झालं. ते बोलून गेल्यावर मी जीभ चावली, पण बाबा म्हणाले, "करता आलं असतं तर तुझ्यासारख्या वेंधळीला कशाला बसवलं असतं?" आणि हसले. आई आतून बघायला आली की हा कुणाचा आवाज.

स्पिरिटने काचा पुसल्या, कडेने कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि सिलिकॉनची नळी मी एका सरळ रेघेत, न थांबता, चारही कडांना फिरवली. निदान मला ती सरळ वाटली. बाबांनी नुसता उसासा टाकला. घरभर लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास सुटला. आठवडाभर टाकीला हात लावायचा नाही असा हुकूम झाला. मग खाली वर्तमानपत्रं पसरून आम्ही पाणी भरलं. सकाळी डाव्या कोपऱ्यात कागद ओला. सगळं काढून पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला कागद आठ दिवस कोरडा राहिला, आणि बाबांनी त्याच कागदावरच्या आठ दिवस जुन्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवल्या.

आता टाकी होती, मासे नव्हते. आम्ही शोभेच्या माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार हा दाढीवाला, शांत माणूस. त्याचं गिऱ्हाइकाशी वागणं असं की जणू त्याला काही विकायचंच नाही. "पाणी भरून किती दिवस झाले?" त्याने विचारलं. मी आठ दिवस सांगितले. "मग पाच आठवड्यांनी या. नव्या पाण्यात माशांची घाण पचवणारे जंतू नसतात. ते तयार व्हायला वेळ लागतो. आधीच मासे सोडले तर स्वतःच्याच घाणीत मरतील." बाबांना हा माणूस जाम आवडला. काम पक्कं होईपर्यंत माल न देणारा दुकानदार त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता.

निघता निघता बाबा एका टाकीपुढे थबकले. तिच्यात बारीक वाळू, एक लाकडाचा ओंडका, चार हिरवी पानं. बाकी काही नाही.

"ही रिकामी का?"

"रिकामी नाही," दुकानदार म्हणाला. "बघा जरा."

बाबांनी बघितलं. मीही बघितलं आणि मग घड्याळाकडे बघितलं, कारण दवाखाना उघडायची वेळ झाली होती. दहा मिनिटं गेली. ओंडक्याखालची वाळू किंचित हलली आणि तिच्यातून एक इवलंसं तोंड वर आलं. त्याला बारीक मिशा. मग बाकीचा मासा आला. पेन्सिलीएवढा जाड, बोटाएवढा लांब, पिवळ्या अंगावर काळे आडवे पट्टे. मासा म्हणावा तर गांडूळ, गांडूळ म्हणावं तर मिशा आणि मोहरीएवढे डोळे. तो ओंडक्यावर चढला, पानावर अंग टाकून पडला आणि लगेच दुसऱ्या फटीत शिरला.

"कुली लोच," दुकानदार म्हणाला. "गरीब जात आहे. कुणाच्या वाटेला जात नाही. तळाशी वाळू चाळत असतो."

"एक द्या," मी म्हटलं. मला उशीर होत होता.

"एक देत नाही. एकटा राहिला तर लपून बसतो आणि खात नाही. सहा तरी एकत्र हवेत. आणि तेही पाच आठवड्यांनी."

घरी आल्यावर आई म्हणाली, "कुली? म्हणजे सामान उचलतात का?" तेव्हापासून आमच्या घरी त्यांचं नाव कुलीच पडलं.

ते पाच आठवडे बाबांनी कसे घालवले हे सांगायला हवं. त्यांनी वाळू धुतली. बादलीत हात घालून वाळू ढवळायला थरथर आड येत नाही. खडी आणायची नाही, कुलींच्या पोटाला आणि मिशांना खरचटते, हे दुकानदाराने त्यांना पढवलं होतं. फुटक्या कुंडीचे तुकडे आणून त्यांच्या कडा माझ्याकडून घासून गुळगुळीत करून घेतल्या आणि तळाशी गुहा रचल्या, मध्ये एक ओंडका ठेवला, पाण्यातली झाडं दाट लावली. झाकण तर त्यांनी स्वतः आखून दिलं. वायरीसाठी जेवढी जागा लागते तेवढीच फट, कारण हे प्राणी बोटभर फटीतून बाहेर पडतात म्हणे. फिल्टरच्या तोंडाला स्पंज बांधला. सगळं झाल्यावर रोज पाण्याकडे बघत बसायचे. आई म्हणायची, "लोकांच्या घरी टीव्ही असतो, आमच्याकडे पाणी."

सहा कुली आले, आणि वरच्या पाण्यासाठी दहा छोटे केशरी मासे. केशरी मासे पहिल्याच दिवशी पाहुण्यांसारखे समोर येऊन उभे राहिले. कुलींनी पिशवीतून सुटल्याबरोबर वाळूत डोकं खुपसलं आणि चार दिवस तोंड दाखवलं नाही. शेजारच्या वहिनी बघायला आल्या. त्या म्हणाल्या, "केशरी छान आहेत. पण पट्ट्यापट्ट्यांचे म्हणत होतात ते कुठायत?" बाबा म्हणाले, "आहेत." एवढंच. पण त्या "आहेत"मध्ये अशी ऐट होती की वहिनींनी मान डोलावली.

हळूहळू बाबांना त्यांच्या वेळा कळल्या. संध्याकाळी टाकीतला दिवा बंद केला आणि खोलीत नुसता खिडकीचा उजेड राहिला की कुली बाहेर यायचे. बाबा बुडणारं खाणं टाकायचे. हात हलायचा, दाणे इकडेतिकडे पडायचे, बाबा शिव्या घालायचे. सहाही कुली चहूबाजूंनी यायचे आणि काचेच्या कडेने एकमेकांच्या अंगावरून घसरत खायचे. एकदा मी घरी आले तर बाबा कोपरापर्यंत हात टाकीत घालून बसलेले. पंजा तळाच्या वाळूवर टेकलेला. टेकलेला हात स्थिर होता. एक कुली त्यांच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधून आरपार गेला, वळला आणि तळहाताखाली जाऊन बसला. बाबांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

"किती वेळ झाला?" मी हळूच विचारलं.

"गप," ते म्हणाले.

आणि मग मी घोळ घातला. माझाच घोळ, दुसऱ्या कुणाचा नाही. चौथ्या महिन्यात केशरी माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले. बाबा त्या दिवशी तपासणीला गेले होते. मी वाटेतल्या दुकानातून औषध आणलं, बाटलीवरचा मोठा मजकूर वाचला, मोजून झाकणभर ओतलं आणि समाधानाने चहा ठेवला. अर्ध्या तासाने बाबा आले. बूटही न काढता टाकीपाशी गेले आणि ओरडले.

कुली भर उजेडात, वरच्या पाण्यात, वेड्यासारखे गिरक्या घेत होते. दोन तळाशी उताणे पडले होते.

"काय घातलंस?"

मी बाटली दिली. त्यांना अक्षर वाचता येईना, कागद हलत होता. मी वाचलं. अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: ज्या माशांचे खवले बारीक असतात त्यांना अर्धीच मात्रा.

बाबांनी बादली उचलली. दोन दिवस मुरवून ठेवलेल्या पाण्याची पिंपं न्हाणीघरात होती. टाकीतलं पाणी नळीने बाहेर, पिंपातलं आत. बाबा बादल्या आणत होते, बादल्या हिंदकळत होत्या, खोलीभर तळं झालं, आई चादरी, टॉवेल, हाताला येईल ते जमिनीवर टाकत होती. "नीट आणा," असं कुणी म्हटलं नाही. पाऊण तास आम्ही तिघं नुसते धावत होतो. शेवटी चार कुली खाली गेले आणि वाळूत शिरले. ते दोन मात्र उठले नाहीत.

मी ओल्या टॉवेलांवर बसून रडले. चाळीस वर्षांची बाई मी, दोन बोटभर माशांसाठी हुंदके देत होते. बाबा शेजारी भिंतीला टेकून बसले. त्यांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती.

"घाई झाली तुझी," ते म्हणाले.

"हो."

"त्या आरशाच्या दिवशी माझीही झाली. हात सहा महिने सांगत होता. मी ऐकत नव्हतो. पहिला फुटल्यावर थांबायला हवं होतं, तर दुसरा घेतला. लोकांना काय वाटेल म्हणून." त्यांनी विजारीचं टोक पिळलं. "मग वर्षभर खुर्चीत बसून राहिलो. तेही लोकांना काय वाटेल म्हणूनच. काही वाटलं नाही गं कुणाला. सलूनवाल्याने दुसरीकडून आरसा आणला."

आईने तिघांना चहा आणला. बाबांचा कप पुरता भरलेला होता. तो बशीवर वाजला, थोडा सांडला, आणि त्या भिजलेल्या खोलीत आणखी दोन घोट सांडल्याने काही फरक पडत नव्हता.

नंतरचे महिने सुरळीत गेले. ठिपके अर्ध्या मात्रेने गेले. चार कुली उरले होते, पण आता ते फार क्वचित दिसायचे. एकदा तीन, एकदा दोन. बाबा म्हणायचे चारही आहेत. मला खात्री नव्हती, पण माझ्या तोंडाने काही बोलायची मला सोय नव्हती.

वर्ष होत आलं तेव्हा आमचा दवाखाना मोठ्या जागेत गेला. डॉक्टरीणबाईंनी एकदा मला आत बोलावलं. "तुझे वडील ती टाकी परत देतील का? बसायच्या खोलीत ठेवू. पण बघायला माणूस हवा. त्यांनाच यायला सांग ना, आठवड्यातून तीन सकाळी. रीतसर काम म्हणून."

मी घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "नाही." दोन दिवसांनी म्हणाले, "जागेवर उजेड कुठून येतो?" तिसऱ्या दिवशी माझ्याबरोबर दवाखान्यात आले, हाताने भिंत ठोकून बघितली, स्टँड कुठे ठेवायचं ते ठरवलं आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं की त्यांच्या खिडकीची काच चुकीची बसवली आहे.

रविवारी टाकी हलवायची होती. सकाळी सगळे मासे पाण्याच्या पिंपात काढायला घेतले. केशरी दहा. कुली एक, दोन, तीन. ओंडका उचलला, चौथा. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नुसती मान खाली घातली. मग फिल्टरचा डबा धुवायला मी न्हाणीघरात नेला. स्पंज काढला, तळाशी बोटभर तपकिरी गाळ होता. मी तो ओतायला डबा तिरका केला आणि गाळ वळवळला.

"बाबा!"

ते धावत आले. मी दुधाच्या पातेल्यात पाणी घेतलं आणि गाळ हळूच त्यात सोडला. गाळ खाली बसला. पाणी निवळलं. तळाशी दोऱ्यासारखे बारीक, नखापेक्षा थोडे लांब जीव हलत होते. प्रत्येकाच्या अंगावर पट्टे, अगदी शाळेच्या वहीवर आखावेत तसे.

आम्ही मोजले. अकरा. पुन्हा मोजले, तेरा. आई म्हणाली, "ते माझं दुधाचं पातेलं आहे," आणि मग ती वाकली आणि स्वतःच मोजायला लागली.

बाबांनी दुकानदाराला फोन लावायला सांगितलं. पिल्लं किती ते त्याने दोनदा विचारलं. मग तो म्हणाला, "काका, माझ्याकडे बावीस वर्षांत कुलींना एकदाही पिल्लं झाली नाहीत. येऊ का बघायला?" तो अर्ध्या तासात दुकान बंद करून आला, न्हाणीघराच्या फरशीवर मांडी घालून बसला आणि पातेल्यात बघत राहिला. आमच्या हातून घडलं नव्हतं ते, आपोआपच घडलं होतं. दाट झाडांत कुठेतरी अंडी पडली असणार, इवली पिल्लं स्पंजच्या छिद्रांतून डब्यात ओढली गेली असणार आणि तिथे गाळ खाऊन निवांत वाढली असणार. पण दुकानदाराने बाबांचा हात हातात घेतला. बाबांनी तो काढून घेतला नाही.

आता प्रश्न आला. मोठी टाकी दवाखान्यात जाणार. मोठे कुली तिच्याबरोबर. ही पिल्लं कुठे ठेवायची? दवाखान्याच्या गडबडीत बाबा त्यांना नेऊ देईनात, आणि पातेलं आई देईना. दोघांचंही बरोबर होतं.

"दोन फुटांची करू," बाबा म्हणाले. "काच आणायची आणि कापायची."

"कोण कापणार?" मी विचारलं आणि विचारतानाच उत्तर कळलं.

बाबांनी कपाटातून खोकं काढलं. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली. त्यांनी सांगितलेली मापं मी आखली, त्यांनी तपासली, मी पुन्हा आखली. पट्टी मी धरली. पट्टीचं दुसरं टोक बाबांनी दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि दाबलेले हात हलत नव्हते. मी हिरकणी रॉकेलमध्ये बुडवली.

"श्वास सोड," बाबा म्हणाले. "सोडलास? आता ओढ. एकदाच. मध्ये थांबलीस तर गेली."

मी ओढली. काचेतून कागद फाटल्यासारखा बारीक आवाज आला. काच कडेवर आणली, दोन अंगठे लावले आणि डोळे मिटून दाबलं. टक्. डोळे उघडले तर दोन तुकडे होते, आणि दोन्ही सरळ. बाबांनी कडेवरून बोट फिरवलं, एका ठिकाणी थांबले.

"इथे थरथरलीस."

"घाबरले होते."

"दिसत नाही तसं. चालेल," ते म्हणाले. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी कुणाच्या कामाला "चालेल" म्हटल्याचं मला आठवत नाही.

पाच काचांपैकी एक मी फोडली, ती वेगळी गोष्ट. टाकी उभी राहिली, वाळली आणि एकदाही गळली नाही. जुन्या टाकीतला स्पंज तिच्यात घातला, म्हणजे जंतूंसाठी पाच आठवडे थांबायला नको. पिल्लं तिच्यात गेली आणि आईला तिचं पातेलं मिळालं. ती त्यात पुन्हा दूध तापवणार नाही असं तिने जाहीर केलं आहे.

बाबा आता सोमवार, बुधवार, शुक्रवार दवाखान्यात येतात. माझ्याआधी तयार होऊन दारात उभे असतात. पाणी बदलतात, काच पुसतात, पेशंटशी बोलतात. दाढ काढायला आलेला एक आडदांड ट्रकवाला इंजेक्शनच्या भीतीने दोनदा पळून गेला होता. तिसऱ्या वेळी तो आणि बाबा टाकीपुढे खुर्च्या ओढून कुली कशाला म्हणायचं यावर इतके रंगले की मी त्याचा नंबर तीनदा पुकारला. दाढ निघाली. परवा तो मुलीला घेऊन आला, दात दाखवायला नाही, कुली दाखवायला. डॉक्टरीणबाईंची खिडकीही बदलून झाली. काच मी कापली.

दुकानदाराने आमची सहा पिल्लं मागितली आहेत. बाबा म्हणतात, देईन, पण घेणाऱ्याशी आधी मी बोलणार. परवा एका गिऱ्हाइकाला त्यांनी फोनवर सव्वीस मिनिटं प्रश्न विचारले. वाळू कसली, झाकण आहे का, मोठा मासा तर नाही ना. शेवटी तो माणूस वैतागून म्हणाला, "काका, मुलगी मागायला आलोय का मी?" बाबा म्हणाले, "मुलीसाठी मी एवढे प्रश्न विचारले नव्हते, तिथेच चुकलं." मी शेजारच्या खोलीत होते. मला हसू आलं, आणि आलं याचं मलाच नवल वाटलं.

राहता राहिला छोटी टाकी ठेवायच्या जागेचा प्रश्न. आईला ती स्वयंपाकघरात हवी आहे. तिचं म्हणणं, दिवसभर ओट्यापाशी मी उभी असते, माझ्याशी बोलायला कोण असतं? बाबांचं म्हणणं, फोडणीचा धूर पाण्याला मानवणार नाही. "मग मी फोडणी देत नाही," आई म्हणाली. बाबा जेवणाच्या ताटाकडे बघून विचारात पडले. गेले दोन आठवडे टाकी दोन खोल्यांच्या मधल्या दारात स्टुलावर आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याने अंग चोरून जायचं, आणि जाताना आत बघितल्याशिवाय पुढे कुणी जात नाही.